जुनी ४६ फुटी लाकडी बोट: एक सीझन चालवल्यानंतरचा रिव्ह्यू, खास करून स्पीडबद्दल

हर्णैला आम्ही दोघा भावांनी ऑक्टोबरात सेकंडहँड लाकडी ट्रॉलर घेतली, ४६ फूट, वीसेक वर्षं जुनी, ६ सिलिंडरचं डिझेल इंजिन. आता पावसाळ्याची मासेमारीबंदी लागलीये, बोट वर ओढून शाकारलीये, म्हणून निवांत लिहितोय, कारण जुनी बोट बघायला जाणारा पहिला प्रश्न स्पीडचाच विचारतो आणि उत्तर भलतंच मिळतं.

विकणारा म्हणाला होता दहा नॉट, म्हणजे तासाला दहा सागरी मैल, आरामात मारते. पहिल्याच दिवशी मोबाईलवर जीपीएस लावला, ८.१ दिसलं, आम्ही खूश. काका आयुष्यभर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे म्होरके होते, ते म्हणाले अरे ओहोटी लागलीये, पाणीच ढकलतंय तुम्हाला, वळवा आणि मग बघा. वळवली तर ६.३. म्हणजे खरा स्पीड मधला, ७.२. बोट बघायला जाल तेव्हा एका दिशेचा आकडा धरूच नका, जाऊन-येऊन दोन्ही घ्या.

आणि ७.२ वाईट नाहीये हे मला नंतर कळलं. अशी जड बोट पाणी कापत चालते, स्वतःच लाट उठवते आणि त्याच लाटेत अडकते. पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्यायची, तिचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणायचं, नॉटमध्ये टोकाचा स्पीड येतो. आमची ४० फूट टेकते, म्हणजे साडेआठच्या आसपास. दहा नॉट तिच्या अंगातच नाहीत, इंजिन दुप्पट एचपीचं टाकलं तरी नाहीत, नुसतं डिझेल जाईल. आउटबोर्डवाल्या छोट्या फायबर बोटी पाण्यावर उचलून पळतात, त्यांच्याशी तुलना नको.

डिझेलचं गणित आम्ही डबे मोजून केलं. साडेसहा नॉटला तासाला १० लिटरच्या आसपास, ७.८ ला रेटली की १९. वीस सागरी मैलावरून परत येताना रेटून अर्धा तास वाचतो आणि १८ लिटर जास्त जळतं. संध्याकाळच्या लिलावाला माल वेळेत पोचवायचा असेल तर कधीतरी रेटतो, कोळंबी असेल तर नक्कीच, पण रोज नाही परवडत. बर्फ आणि मासळी भरून बोट खाली बसली की अर्धा नॉट आणखी जातो, तोही धरून चाला.

आता तक्रार. फुल थ्रॉटलला इंजिन २००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) जायला हवं होतं, ते १७५० लाच अडकायचं आणि काळा धूर सोडायचं. एका मेकॅनिकने पंप, नोझल सगळं उघडून पैसे घेतले, फरक शून्य. शेवटी काकांनी बोट ओहोटीला कोरडी करायला लावली, तर पाण्याखालच्या पंख्याचं (प्रोपेलरचं) एक पातं वाकलेलं आणि पंखा इंजिनला जड, जास्त पिचचा, म्हणजे पाती जास्त तिरपी. बदलला, आरपीएम आले, धूर गेला. ट्रायलला फुल आरपीएम येतात का एवढं आम्ही बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

दुसरं म्हणजे बूड. फेब्रुवारीपर्यंत खाली शेवाळ आणि शिंपल्यांचा असा थर बसला की १६०० आरपीएमला ५.८ च निघायचे. घासून तांबं घातलेला, शेवाळ धरू न देणारा रंग मारला, त्याच आरपीएमला ६.७. सगळ्या सीझनमध्ये एवढा फायदा दुसऱ्या कशाने झाला नाही.

लाकूड चांगलं आहे, सांधे घट्ट, पाणी फारसं घेत नाही, लाटेत बसते छान, फायबरसारखी आदळत नाही. पाचपैकी चार. स्पीडसाठी मार्क कापलेला नाही, एक कापलाय तो पंख्यापायी बुडालेल्या तीन आठवड्यांचा. नारळी पौर्णिमेनंतर उतरवू तेव्हा नव्या रंगावर परत दोन्ही दिशेचे आकडे घेईन आणि इथेच टाकेन.