मुलासाठी आधी कुठला अर्ज: दयानंद की निरामया?

गोव्यात दिव्यांग मुलाच्या आईवडिलांचा पहिला गोंधळ नावांचाच होतो. 'दयानंद' ही समाजकल्याण खात्याची दरमहा पैसे देणारी योजना, तर 'दीनदयाळ' हा राज्याचा आरोग्य विमा. तिसरं नाव 'निरामया', तो ठरावीक दिव्यांगत्वांसाठीचा केंद्राचा आरोग्य विमा. डिचोलीतली माझी शेजारीण दोन्ही एकच समजून भलत्याच कचेरीत रांगेत उभी राहिली आणि तिचा दिवसाचा रोज बुडाला. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही. त्यानंतर कागद जमवायला मी तिच्याबरोबर जाऊ लागले.

कुठलाही अर्ज करण्याआधी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. त्यासाठी जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जावं लागतं. लहान मुलांना बहुधा मुदतीचा दाखला मिळतो. त्यावरची तारीख घरी आल्या आल्या वाचा.

दयानंदचा मोठा गुण म्हणजे पैसे थेट बँक खात्यात. महिन्याला २,००० रुपयांपासून पुढे, दिव्यांगत्व ९० टक्के किंवा जास्त असेल तर ३,५००. डायपर घ्या, बसभाडं भरा, कुणी हिशेब मागत नाही. पण गोव्यात १५ वर्षं वास्तव्याची अट आहे, उत्पन्नाची मर्यादा आहे आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सावंतवाडीहून किंवा बेळगावहून कामासाठी आलेली कितीतरी कुटुंबं त्या १५ वर्षांपाशीच अडतात.

निरामया ही केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्टची) योजना. तिथे राज्यातल्या वास्तव्याची अट नाही. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला नोंदणीला २५० रुपये, नूतनीकरणाला ५०, आणि वर्षाला एक लाखापर्यंत विमा. आजार आधीपासून आहे म्हणून नाकारत नाहीत. मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपीचा खर्चही मिळतो. आपल्या मुलांचा खरा खर्च तोच असतो, आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओथेरपी, वर्षानुवर्षं. दीनदयाळ मुख्यतः इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे.

मात्र निरामया फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांनाच. नुसतं ऐकू न येणाऱ्या मुलाला ती नाही, त्याच्यासाठी दयानंदच बघा. आणि निरामयात उपचाराचे पैसे आधी खिशातून भरायचे, मग परत मागायचे. हातावर पोट असलेल्या घराला हे फार जड जातं.

म्हणून माझं मत असं: १५ वर्षांचा पुरावा हाताशी असेल तर आधी दयानंद, आणि त्या पैशातूनच निरामयाचे २५० भरा. पुरावा नसेल तर निरामयाने सुरुवात करा.

शेजारणीला थेरपीची पावती कोऱ्या चिठ्ठीवर मिळाली होती, ना शिक्का, ना सही. निरामयाकडचा दावा परत आला. आता ती शिक्का उमटल्याशिवाय क्लिनिकच्या बाकावरून उठत नाही.