दोन दिवसाचं कार्यकर्ता शिबिर : चर्चा लई भारी, टायमिंग चुकलं

जानेवारीत अंबाजोगाईकडं वंश, वर्ग आणि संघटन या विषयावरचं निवासी शिबिर केलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडं वाईट बोलायचंय. फी ३०० रुपये, राहणं-जेवण धरून. पिठलं-भाकरी एक नंबर, आंघोळीला पाणी मात्र गारच.

मला वाटलं पुन्हा तेच, १९७२ ला दलित पँथर निघाली, नाव अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं, टाळ्या, चहा, चला घरी. पण शिबिर घेणाऱ्या ताईंनी डायरेक्ट १९६९ चं शिकागो काढलं. फ्रेड हॅम्प्टन, तिथल्या ब्लॅक पँथरचा पुढारी, वय वीस-एकवीस, त्यानं काळे पँथर, पोर्टो रिकोवाली पोरं आणि पोट भरायला शहरात आलेले गरीब गोरे एका बाजूला आणले, अन् हे गोरे म्हणजे गुलामी टिकवायला लढलेल्यांचा झेंडा जॅकेटवर मिरवणारे बरं का! घर, दवाखाना, पोलिसांचा मार, दुखणं सगळ्यांचं सारखंच. त्याच वर्षी ४ डिसेंबरला पहाटे पोलिसांनी धाड टाकून त्याला बिछान्यातच मारलं. हॉल एकदम गप.

मग पँथरवाले शाळेआधी लेकरांना फुकट नाष्टा द्यायचे ते सांगितलं. धारूरकडच्या एक मावशी होत्या, हाताला लागलं म्हणून यंदा कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, गेल्या नव्हत्या. त्या म्हणल्या, "आमच्या टोळीत सगळ्या जातीचे हायेत, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) सगळ्यांच्याच डोक्यावर, मुकादम सगळ्यांनाच शिव्या देतो. पण पाण्याचा हंडा कुणाचा कुणी शिवायचा नाही. आधी हंडा का आधी नाष्टा?" ताईंनाबी पटकन उत्तर सुचलं नाही. माझे ३०० तिथंच वसूल झाले.

आता राग. शिकागोला दोन तास आणि मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या नामांतराला वीस मिनिटं? १९७८ ला ठराव झाला, दलित वस्त्या जळाल्या, नामविस्तार (जुन्या नावात बाबासाहेबांचं नाव जोडणं) व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. आपल्याच गावातले गरीब एकमेकांच्या अंगावर का गेले हे मराठवाड्यात बसून नाही बोलायचं तर कुठं बोलायचं? "वेळ कमी आहे" म्हणे.

दुसरं म्हणजे ऊसतोडीवर बोलायचं अन् शिबिर जानेवारीत, जवा निम्मा बीड जिल्हा फडावर असतो. चाळीस जणात कोयत्यावाली एकच, तीबी हात दुखावला म्हणून.

तीन स्टार. पुढचं मे महिन्यात ठेवा, त्या मावशींना बोलायला बसवा, मी परत ३०० भरून येतो.