बर्फ, गरम पाण्याची पिशवी की वाफारा?

घरात कुणाचा पाय मुरगळला की दोन पक्ष पडतात. एक बर्फाकडे धावतो, दुसरा पाणी तापवायला ठेवतो. दुखापत ताजी असेल तर पहिल्याचं ऐका. शेकलं की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि सूजही चढते, त्यामुळे पहिले दोन दिवस शेक नको.

मग फ्रीजमधलं गार पाणी का नाही? चालतं, पण पुरत नाही. 1 ग्रॅम पाण्याचं तापमान एका अंशाने वाढायला 1 कॅलरी लागते. 1 ग्रॅम बर्फ मात्र नुसता वितळायलाच 80 कॅलरी खातो आणि वितळेपर्यंत शून्य अंशावरच ठाण मांडून बसतो. म्हणूनच तो थेट कातडीवर ठेवायचा नाही. फडक्यात गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटांत उचला.

जुनी पाठदुखी, आखडलेली मान, पाळीत दुखणारं पोट यांना गरम पाण्याची पिशवी. पाणी उष्णता बराच वेळ धरून ठेवतं आणि अंगाच्या वळणावर नीट बसतं. घन बर्फाला हे जमत नाही. पाणी उकळतं नको, पिशवी गच्च भरू नका, हवा काढूनच बूच लावा. मधुमेहाने ज्यांच्या तळपायांची जाणीव कमी झाली आहे त्यांच्या पायांना पिशवी लावूच नये. चटका बसलेला त्यांना कळत नाही.

वाफाऱ्याने चोंदलेलं नाक थोडा वेळ मोकळं वाटतं, एवढंच. कोरोनाच्या काळात घरोघरी पातेली चढली, पण वाफेने शरीरातला विषाणू मरत नाही. आणि तिघांत सर्वांत दांडगी हीच: 100 अंशांची वाफ कातडीवर पडून पाणी होताना ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी सोडते. कुकरच्या वाफेचा चटका उगाच इतका झोंबत नाही! लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवायला माझा तरी साफ विरोध आहे. पातेलं कलंडलं तर सर्दी परवडली म्हणायची वेळ येते.

भाजलंच, तर बर्फ आणू नका, भाजलेल्या कातडीला त्याने आणखी इजा होते. टूथपेस्टही नको. साध्या नळाच्या धारेखाली वीस मिनिटं धरा. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढा. भाजणं मोठं असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर सरळ दवाखाना गाठा.