256 पट ओव्हरसॅम्पलिंगच्या नावाखाली 27,025 रुपयांची फसवणूक

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ (संगणकाच्या मदतीने रेडिओ लहरी उलगडणारा रिसीव्हर) घेण्याच्या विचारात असलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील हौशी मंडळींनी पैसे पाठवण्याआधी हे वाचावे. कोल्हापूरच्या एका विक्रेत्याला मी रिसीव्हरचे 18,400, त्यातले ‘सोळा बिटांचे’ फर्मवेअर (यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर) खुले करणाऱ्या किल्लीचे 6,250 आणि कॅलिब्रेशनचे 2,375, असे एकूण 27,025 रुपये यूपीआयने दिले. डबी उघडली तेव्हा आत आरटीएल2832यू ही आठ बिटांची चिप निघाली. बिट जितके जास्त, तितके सिग्नलचे मोजमाप बारीक. ती बसवलेले साधे डोंगल (संगणकाला जोडायचे छोटे यंत्र) काही हजारांत कुठेही मिळते.

ओव्हरसॅम्पलिंगने आठ बिटांचे सोळा बिट होतात, हा विक्रेत्याचा दावा अर्धा खरा होता, म्हणूनच तो पटला. गरजेपेक्षा जास्त वेगाने सिग्नलचे नमुने घेऊन (हेच ओव्हरसॅम्पलिंग) ते फिल्टरमधून काढले आणि वेग पुन्हा खाली आणला, तर हव्या त्या वारंवारतेच्या पट्ट्याबाहेरचा गोंगाट गळून पडतो आणि दर चौपटीमागे सुमारे 6 डेसिबल, म्हणजे एक बिट पदरात पडतो. या यंत्राच्या मेन्यूत मात्र प्रत्येक दुपटीला एक बिट दाखवला होता: 256 पटीला आठ बिट, आठ अधिक आठ सोळा. खऱ्या हिशेबाने 256 पटीला चारच बिट मिळतात. आठ जादा बिटांसाठी 65,536 पट वेग लागतो.

प्रात्यक्षिकाचा तो क्षण आठवला की आजही संताप होतो. “सर, 256 वर न्या, गोंगाटाची रेघ कशी खाली बसते बघा,” असे तो म्हणाला, आणि रेघ खरोखरच 24 डेसिबलने खाली बसली. पण तिच्याबरोबर सिग्नलचा शेंडाही तेवढाच खाली आला होता, म्हणजे दोघांमधले अंतर तसूभरही वाढले नव्हते. फक्त पडद्यावरची मोजपट्टी सरकवलेली होती. त्याहून ढळढळीत गोष्ट म्हणजे पट्ट्याची रुंदी. सेकंदाला 24 लाख नमुन्यांना 256 ने भागले की 9,375 उरतात, म्हणजे जेमतेम 9 किलोहर्ट्झचा पट्टा दिसायला हवा होता, आणि पडद्यावर पूर्ण 2.4 मेगाहर्ट्झ तसेच्या तसे पसरलेले होते. रुंदी आणि बिट दोन्ही एकदम वाढवून देतो म्हणणारा खोटे बोलतो, हे तिथेच उघड झाले होते. मी उद्यमबागेत कंट्रोल पॅनेल दुरुस्त करतो, रेडिओ हा माझा छंद आहे. समोरचा माणूस डेसिबलच्या भाषेत आत्मविश्वासाने बोलत असताना आणि आकडा डोळ्यांदेखत उतरत असताना भागाकार करायचे कोणाला सुचेल?

घरी 145 मेगाहर्ट्झच्या आसपासचे हौशी उपग्रहांचे क्षीण संदेश काही सुधारले नाहीत. जवळच्या एफएम केंद्राच्या जोरामुळे रिसीव्हर आधीच गुदमरत होता, आणि असा अतिभार पुढच्या कोणत्याही ओव्हरसॅम्पलिंगने निघत नाही. त्याला अँटेनापाशीच फिल्टर लागतो. शेवटी एका मित्राने रिसीव्हरने नोंदवलेल्या नमुन्यांची कच्ची फाइल उघडली, तेव्हा प्रत्येक सोळा बिटी संख्येचे खालचे आठही बिट शून्य निघाले. आठ बिटांचा नमुना डावीकडे सरकवून ठेवला होता, एवढेच ते फर्मवेअर. विकत घेण्याआधी ही फाइल मागा. जो देत नाही त्याला पैसे देऊ नका.

पोलिसांकडे गेलो तर आधी मराठी अर्जच नको झाला, कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे सांगितल्यावर अर्ज घेतला गेला, पण लगेच विक्रेता महाराष्ट्रात आहे, तिकडे जा, असे उत्तर मिळाले. तिकडच्या ठाण्यात सांगितले की पैसे कर्नाटकातून गेले, तिकडेच तक्रार करा. गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने तक्रार नोंदवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये असताना सीमेच्या दोन्ही बाजूंनी माणसाला असे टोलवले जाते. एका अधिकाऱ्याने तर विचारले, “यंत्र चालतंय ना, मग फसवणूक कसली?” बँकेने तुम्हीच पिन टाकला म्हणून हात वर केले. पैसे गेल्याचे कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके ते खात्यातून पुढे निघून जातात.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, म्हणून मी ती बेळगावातच दाखल केली आहे. विक्रेता आता जुन्या ग्राहकांना ‘मोफत सुधारित फर्मवेअर’ पाठवतो आहे. ते चढवू नका, कारण त्याने पुरावाच पुसला जाईल. आधी कच्ची फाइल, मेन्यूचे फोटो आणि पैसे दिल्याच्या पावत्या वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.