एचपीएलसी सर्व्हिसिंग: काम चोख, बिल तिखट

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमची छोटी लॅब आहे. सांगलीकडच्या हळदीचे नमुने येतात, त्यातलं कर्क्युमिन, म्हणजे हळदीचा पिवळा घटक, मी एचपीएलसीवर बघते; हे यंत्र द्रवातले घटक वेगळे करून मोजतं. घटक वेगळे करणारी नळी म्हणजे सी-18 कॉलम, 250 बाय 4.6 मिमी, फ्लो मिनिटाला 1 मिली. स्टँडर्डची (तुलनेच्या ठरावीक नमुन्याची) आरटी, म्हणजे कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ, 9.10 मिनिटं असायची, ती सरकत सरकत 9.68 वर गेली. सर्व्हिस कंपनीच्या हेल्पलाइनवाल्यानं फोनवरच निकाल देऊन टाकला, ‘कॉलम गेला, नवा मागवा.’ नव्या कॉलमची किंमत त्याच्या खिशातनं जाणार नव्हती!

प्रत्यक्षात आला तो इचलकरंजीचा पोरगा. पान्याला हात लावायच्या आधीच, “मॅडम, युरॅसिल हाय का?” युरॅसिल सी-18 वर जवळजवळ थांबतच नाही, मोबाईल फेजबरोबर (पंप कॉलममधून ढकलतो त्या द्रवाबरोबर) बाहेर पडतं. त्याची वेळ म्हणजे टी-झिरो. तिला फ्लोनं गुणलं की कॉलममध्ये मोबाईल फेज किती मावते ते कळतं. जुन्या रनला टी-झिरो 2.60 होता, आता आला 2.77. आरटीतून टी-झिरो वजा करून त्याला टी-झिरोनंच भागलं. हा झाला के, म्हणजे घटक कॉलमवर किती अडकतो त्याचं माप. तेव्हाचा के 2.5, आत्ताचाही 2.5. कॉलम बिघडला असता किंवा मोबाईल फेजमधल्या ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण चुकलं असतं, तर के हललाच असता. इथं आरटी आणि टी-झिरो दोन्ही सारख्याच पटीत लांबले होते, म्हणजे पंपच कमी ढकलत होता.

मग वेस्टच्या नळीखाली 10 मिलीचा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क धरला, मोबाईलवर स्टॉपवॉच. खुणेपर्यंत भरायला 10 मिनिटं 38 सेकंद. फ्लो 0.94 निघाला. 9.68 ला 0.94 नं गुणून बघा, तेच 9.10 मिली, 1 मिलीच्या फ्लोला 9.10 मिनिटांत जायचे तेवढेच!

पंप हेड उघडल्यावर पिस्टन सील झिजलेलं, कडेला दुसऱ्या मेथडच्या फॉस्फेट बफरची पांढरी खर. सील बदललं, चेक व्हॉल्व्ह आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) सोनिकेट केले, म्हणजे ध्वनिलहरींनी धुतले, आरटी जागेवर.

पोराला पाच स्टार. कंपनीला तीनच. एएमसी (वार्षिक देखभाल करार) असून प्रवासखर्च वेगळा लावला, आणि रिपोर्टवर नुसतं ‘पंप ओके’. ऑडिटरला ते काय दाखवायचं? फ्लो, टी-झिरो आणि के मी त्याच्याकडून हातानं लिहून, सही करून घेतले. तुम्हीही घ्या, आणि सील किट कुणाच्या खर्चात ते एएमसी करतानाच विचारा.