दर १८ रुपये, पत्रिका पडली २९ रुपये ४० पैशांना

पाचशे लग्नपत्रिका, सात बाय सात इंच, आत दोन पानं, पाकिटासकट. कॅटलॉगातल्या सॅम्पलवर चिकटवलेला दर १८ रुपये. घरच्यांनी ९,००० धरले, ५,००० आगाऊ दिले. शेवटी बिल आलं १४,७०० चं. ते असं होतं : पत्रिका ९,०००, दुसरं पान २,०००, दुसरा रंग ७५०, चार स्क्रीन १,४००, पाकिटावरची छपाई ७५०, डिझाइन ८००. दुकानाचं नाव इथे देत नाही, पण या पद्धतीची बिलं एकाच दुकानात फाटत नाहीत.

यातला एकही खर्च खोटा नव्हता, म्हणूनच तिथे भांडता आलं नाही. तयार कॅटलॉग पत्रिका कोऱ्या येतात, गणपती आणि नक्षी तेवढी आधीच उठवलेली. बराचसा माल दिल्लीच्या चावडी बाजारासारख्या घाऊक पेठांतून येतो आणि मजकूर इथला स्क्रीन प्रिंटर छापतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळीची फ्रेम, म्हणजे बिलातली ‘स्क्रीन’, लागते. दोन पानं, प्रत्येकावर लाल आणि सोनेरी, म्हणजे चार फ्रेम झाल्याच. लबाडी आहे ती हे आगाऊ घेताना न सांगण्यात. त्यामुळे कॅटलॉगचा दर विचारूच नका. ‘पाचशे नग, पाकिटात घालून, छापून, माझ्या हातात, सगळे कर धरून किती?’ एवढंच विचारा आणि तो एकच आकडा ऑर्डर स्लिपवर लिहून घ्या. स्लिपवर पानं किती, रंग किती, पाकिटावर छपाई आहे की नाही आणि कागदाचं जीएसएम, हेही हवं.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. खरी फसवणूक इथेच झाली. सॅम्पल ३०० जीएसएमचं होतं, स्लिपवर मात्र नुसतं ‘जाड कार्ड’. बोटांनी चाचपून फरक कळत नाही, विशेषतः कागदावर खडबडीत पोत असेल तर. वजनकाट्यावर लगेच कळतो. लांबी गुणिले रुंदी (इंचात) गुणिले जीएसएम, भागिले १५५०, म्हणजे एका नगाचे ग्रॅम. सात बाय सातचं सपाट कार्ड ३०० जीएसएमचं असेल तर साधारण साडेनऊ ग्रॅम भरतं, शंभर कार्डं ९४८ ग्रॅम. या ऑर्डरमधली शंभर कार्डं मोजून ठेवली तर काटा ७०० ला थांबला. म्हणजे कागद २२० च्या आसपासचा. चार-पाच टक्के इकडेतिकडे चालतं, पाव हिस्सा वजन हवेत उडत नाही. घडीची पत्रिका असेल तर उघडून मापं घ्या.

तोच काटा मोजणीलाही चालतो. वीस नग मोजून ठेवा, त्यावरून एकाचं वजन काढा, मग गठ्ठा ठेवा. ‘शंभरचा’ गठ्ठा ९६ चा निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. घरोघरी वाटताना चार पत्रिका कमी पडल्या की दोष घरातल्याच कोणाच्या तरी विसरण्यावर जातो आणि दुकानदार सुटतो. पाकिटं वेगळी मोजा. नावं लिहिताना खराब होतात म्हणून दहा टक्के जास्त मागून ठेवा. पन्नास पत्रिका नंतर छापायला गेलात तर फ्रेम पुन्हा बनवाव्या लागतात आणि दर दुपटीवर जातो. डिझाइन संपलेलंही असतं.

फॉइल, म्हणजे चकाकणारा पातळ धातूसारखा थर, म्हणून सोनेरी शाई खपवणं ही या धंद्यातली जुनी खोडी. सॅम्पलवरचा गणपती फॉइलचा होता, आलेला शाईचा. हॉट फॉइलला धातूचा ब्लॉक लागतो. तो तापवून दाबतात, म्हणून अक्षराला हलका खळगा पडतो आणि चकाकी आरशासारखी येते. सोनेरी शाई मंद दिसते आणि पांढऱ्या कापडाने घासली की कापडावर पिवळी भुकटी उतरू शकते. ब्लॉकशिवाय होणारं डिजिटल फॉइलही असतं, ते चकाकतं पण दबलेलं नसतं. वाईट नाही, फक्त दर हॉट फॉइलचा घेऊ नये. ब्लॉकचे पैसे लावले असतील तर ब्लॉक मागून घ्या. तो देता येत नसेल तर बहुधा बनवलाच नव्हता.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पाहताना घरातले फक्त नावं वाचतात. मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला असतो, आणि फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं फुटतात. सगळ्यात आधी बळी जातो तो ‘ऱ्ह’, मग ‘द्ध’ आणि ‘ह्म’. कुऱ्हाडे, गोऱ्हे, श्रद्धा, ब्रह्मे यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोला ‘ओके’ लिहू नका. छपाईला जाणारीच पीडीएफ मागवा आणि कागदावर काढून सही करा, कारण एकदा ‘ओके’ गेलं की चूक तुमची ठरते. शकाकडेही बघा. मागच्या गिऱ्हाइकाच्या फाइलवर नवी नावं टाकतात आणि जुना शक तसाच राहतो. तो गुढीपाडव्याला बदलतो : फेब्रुवारी २०२६ चं लग्न शके १९४७ मधलं, मे २०२६ चं १९४८ मधलं. तारीख, वार आणि तिथी तिन्ही पंचांगाशी ताडून घ्या.

आता वेळेचा पेच. स्लिपवर माल द्यायची तारीख नव्हती. वाटायला निघायच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठे आले, काही पत्रिकांच्या मागे लाल डागांसकट. छापल्या छापल्या एकावर एक रचलं की ओली शाई वरच्या कागदाला लागते. पत्रिका रात्रभर पसरून ठेवाव्या लागतात. पण त्या घडीला माल परत कोण करणार? उरलेली रक्कम मुकाट्याने दिली गेली. पत्रिका लग्नाच्या चाळीस दिवस आधी हातात येईल अशी तारीख लिहून घ्या आणि शेवटचे तीस टक्के वजन-मोजणी झाल्यावरच द्या. निवडलेल्या सॅम्पलवर दुकानदाराची सही, तारीख घेऊन ते घरी आणा.

बिलात जीएसटी लावला असेल तर क्रमांक बघा : १५ अक्षरांचा, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो कुणालाही तपासता येतो. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्या, दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही.

छापील पत्रिकेसोबत आता मोबाइलवरचं निमंत्रणही असतं. त्याची फाइल पीडीएफ, फोटो किंवा व्हिडिओच असते. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ (apk) असेल तर ते अ‍ॅप आहे, उघडू नका. तसं काही मोबाइलमध्ये बसून पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन.

छपाईच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सोबत सही केलेलं सॅम्पल, स्लिप, बिल आणि काट्यावरच्या गठ्ठ्याचा आकडा दिसेल असा फोटो लागेल. शक्य असेल तर एक गठ्ठा दुकानाच्या दोरीसकट न सोडता बाजूला ठेवा.