पायातल्या ‘रॉड’चा रिव्ह्यू, सगळे तेच विचारतात म्हणून

पाचपैकी चार स्टार. एक कुठं कापला ते पुढं येईलच, आधी वस्तू कुठली ते सांगते. गावात सगळे "रॉड घातलाय" म्हणतात, डॉक्टर मेगाप्रोस्थेसिस म्हणतात, आणि खरं बघितलं तर तो नुसता रॉड नाहीच, मांडीच्या हाडाचा खालचा भाग आणि अख्खा गुडघा असा पूर्ण जॉईंट आहे, कोबाल्ट-क्रोम आणि टायटॅनियमचा, मधे बिजागरी, बिजागरीत जाड प्लास्टिकचे बुश. वरचा दांडा माझ्या उरलेल्या हाडात आणि खालचा नडगीत सिमेंटनं बसवलाय. हे सिमेंट हाडांसाठी वेगळं येतं, पण आमच्या मामानं ते ऐकून "कुठल्या कंपनीचं, किती पोती लागली?" असं विचारलं आणि त्या आठवड्यात घरात पहिल्यांदा कोणतरी हसलं.

वापर २०२२ पासून. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची, आजार ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, जो जास्त करून वाढत्या वयातल्या पोरापोरींना होतो आणि बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपासच होतो. मी कॉलेजात खो-खो खेळायचे त्यामुळं गुडघ्याच्या वर दुखायला लागल्यावर सगळ्यांनी ते खो-खोवरच ढकललं, पण मुका मार असला तर आराम केला की कमी व्हायला पाहिजे ना, हे उलटं रात्री गप पडल्यावर जास्त ठणकायचं, झोपेतनं उठवायचं. आमच्यात काही झालं की आधी मालिश, तसं आईनं एका आज्जीकडं नेलं. त्या आज्जीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवून नुसता हात फिरवला आणि म्हणाली, "गरम लागूलालंय गे बाई, आणि कठीण बी हाय, मी चोळणार नाही, आधी फोटो काढून आणा." एवढ्या वर्षांची सवय असलेला हात होता तो.

बेळगावातल्या हाडाच्या डॉक्टरनी एक्स-रे बघितला, एमआरआय करायला लावला, पण तुकडा काढून तपासायला म्हणजे बायोप्सीला स्वतः हात लावला नाही, घरच्यांना ती टाळाटाळ वाटली. कारण नंतर कळलं. सुई जिथनं आत जाते ती वाटसुद्धा पुढं ऑपरेशनमध्ये कापून काढावी लागते, भलतीकडनं टोचलं तर वाचणारा पाय जाऊ शकतो, म्हणून जो ऑपरेशन करणार त्याच्याच टीमनं बायोप्सी करायची. कोणाच्या घरात असं काही निघालं तर एवढं एक लक्षात ठेवा, बाकी माझा रिव्ह्यू नाही वाचलात तरी चालेल.

मग बेंगळुरूला किदवई का मुंबईला टाटा, दोन्ही कॅन्सरचीच हॉस्पिटलं, यावर घरात दोन दिवस खल. आमचे कागद सगळे कर्नाटकाचे, पाहुणे आणि बोली सगळी तिकडली, सीमाभागातल्या माणसाला आजारपणात पण हे सुटत नाही. शेवटी परळचं टाटा, १९४१ पासून चालू असलेलं, आत्याचा मुलगा मुंबईत म्हणून. जनरल फाईल (म्हणजे टाटातला कमी खर्चाचा वर्ग), ट्रस्टची मदत आणि बाबांनी भाताच्या शेतावर काढलेलं कर्ज, असं मिळून भागलं. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं ते २०२३ ला, त्यावरनं दोन्हीकडचे पुढारी भांडत बसले, तोवर माझ्या पायाचं बिल भरून झालेलं. रेल्वेची सवलत मात्र नीट मिळाली, हॉस्पिटलातनं फॉर्म भरून घेतला की स्लीपर आणि थ्री-एसीला पेशंटचं भाडं माफ आणि सोबतच्याला ७५ टक्के सूट. बेळगावला दादरची गाडी पकडायची, सकाळी तिकडं. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा. टाटासमोरच्या फूटपाथवर राहणारी माणसं बघितल्यावर तिथल्या जागेची किंमत कळते.

आता बसवायच्या आधीचं काम, म्हणजे केमो. हे वगळून रॉडचा रिव्ह्यू लिहिला तर ती फसवणूक होईल. आधी केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. लोक विचारतात आधीच कापून टाकून मोकळं का नाही झालात, तर हा आजार दिसतो गुडघ्यात पण त्याचे कण तोवर फुप्फुसात जाऊन बसलेले असू शकतात, स्कॅनमध्ये न दिसणारे. केमो नव्हती त्या काळात नुसता पाय कापायचे आणि तरी पाचातले चार जण पुढं फुप्फुसातल्या गाठींनी जायचे. आता आजार पसरायच्या आधी सापडला तर दहातले सहा-सात बरे होतात. हे आकडे मला डॉक्टरनी स्वतःहून सांगितले नाहीत, मी विचारले, आणि विचारल्यावर त्यांनी लपवले पण नाहीत. "शेक दिला का?" म्हणजे रेडिएशन, असं पण सगळे विचारतात, नाही दिला, या कॅन्सरवर शेकाचा फारसा उपयोग होत नाही, त्यामुळं केमो आणि ऑपरेशन हीच मुख्य हत्यारं.

औषधं तीन, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन, आयफॉस्फमाईड. पहिलं लालभडक, लघवी पण लाल होते, कोणी आधी सांगितलं नसेल तर माणूस तिथंच चक्कर येऊन पडेल, आणि हृदयावर परिणाम होतो म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. दुसऱ्यानं कान आणि किडनी म्हणून ऐकण्याची तपासणी आणि सलाईनवर सलाईन, आणि उलट्या तर विचारूच नका. तिसऱ्यानं मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून त्याच्यासोबत वेगळं औषध. केस गेले त्याचं मला वाटलं होतं तेवढं वाईट नाही वाटलं, तोंड आलं त्याचं वाटलं. कोणतरी गावाकडनं येताना कुंदा आणला होता, मी बेळगावची पोरगी आणि मला कुंदा पितळेसारखा लागला! चालायचा फक्त मऊ भात आणि मुगाचं वरण. भात आमच्याच शिवारातला बासमती, आईनं पिशवीत भरून नेलेला, धर्मशाळेत शिजायला लागला की शेजारचे वास घेत यायचे. ताप १०० च्या वर गेला की मात्र क्रोसिन घेऊन पडायचं नाही, १००.४ म्हणजे सरळ कॅज्युअल्टी, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी, कारण पांढऱ्या पेशी इतक्या खाली असतात की साधं इन्फेक्शन जीवावर येतं.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी नीट समजावलं होतं, गाठ मुख्य रक्तवाहिनी आणि नसेपासून लांब आहे म्हणून पाय वाचवता येतोय, गुंतलेली असती तर कापावा लागला असता. माझ्या शेजारच्या बेडवरच्या पोरीचा मांडीतनं कापला. आणि आता ऐका, ती आज कृत्रिम पायावर माझ्यापेक्षा फास्ट चालते, तिला धातूत इन्फेक्शन होईल ही धास्ती नाही, आत काही झिजायचं टेन्शन नाही. माझा पाय वाचला म्हणून लोक मला नशीबवान म्हणतात आणि तिच्याकडं बघून च्च् च्च् करतात, दोघी फोनवर याच्यावर मनसोक्त शिव्या घालतो. पाय वाचणं आणि जीव वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बेळगावात अर्ध्या पाहुण्यांना अजून हे पटत नाही. कापलेला तुकडा तपासल्यावर ९० टक्क्यांच्या वर पेशी मेलेल्या निघाल्या तर केमो चांगली लागू पडली असं धरतात, माझा तो रिपोर्ट चांगला आला, बाबा तो कागद लॅमिनेशन करून आणले.

बरं, वापर. भारतात बनलेला जॉईंट, परदेशीपेक्षा पुष्कळ स्वस्त, त्यात कमी काही वाटलं नाही. काही दिवसांतच वॉकर धरून उभं केलं. वाकणं नव्वदच्या पुढं येतं, पण आपोआप येत नाही हां, फिजिओथेरपी म्हणजे रोजचं रडणं आहे, मांडीचे स्नायू काही गाठीबरोबर गेलेले असतात, जे उरलेत त्यांच्याकडनंच सगळं काम करून घ्यायचं असतं. मांडी आवळून धरा, पाय सरळ उचला, परत, परत. हे सोडलंत तर लाखाचा जॉईंट घालून पण लंगडणार. सपाट रस्त्यावर आता माझ्याकडं कोण वळून बघत नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

आता तो कापलेला स्टार. पळायचं नाही, उडी नाही, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. पहिल्या दोनचं सोडा, खो-खो संपला तो संपला. पण आमच्याकडं घर म्हणजे जमीन हो. महाप्रसादाची पंगत जमिनीवर, हळदी-कुंकू जमिनीवर, भाताची रोप लावण तर चिखलात वाकून. मला सगळीकडं प्लॅस्टिकची खुर्ची येते, पंगतीत एकटी उंचावर बसलेली मी, वाढणारे सगळे "काय गे, अजून वाकूना होय पाय?" वाकतो हो, पण तुमच्यासारखा नाही. आणि संडास. ऑपरेशनच्या आधी कोणी सांगत नाही की डिस्चार्ज मिळायच्या आत घरी कमोड पाहिजे. आम्हाला वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं, बाबांनी गावाला फोन करून गवंडी लावला, तोवर भाड्याची कमोड चेअर. लग्नाला, यात्रेला जायचं म्हटलं की मी आधी तिथला संडास कसला ते विचारते, लोकांना हसू येतं. येऊ दे.

बसचं सांगायचं तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं २०२३ पासून आम्हा बायकांना तिकीट शून्य, हे बरंय, पण पायरी उंच आणि उभं राहायची वेळ आली तर धक्का सोसत नाही, म्हणून आता बिनगिअरची गाडी घेतलीय. डॉक्टरना विचारून, आणि पडायचं नाही या एकाच अटीवर. पडलं तर धातूच्या वरचं हाड मोडू शकतं. परीक्षेच्या सेंटरवर मेटल डिटेक्टर मांडीपाशी टी टी करतो, तिथल्या बाईंना आधी सांगितलं तरी विश्वास बसत नाही, मी मोबाईलमध्ये एक्स-रेचा फोटोच ठेवलाय, तो दाखवला की दोन मिनिटं गप होतात आणि मग "दुखतं का गं?" विचारतात. डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स पण पर्समध्ये असते. दातवाल्याकडं गेलात तर खुर्चीत बसायच्या आधी सांगा की आत जॉईंट आहे, दात किडला तर अंगावर काढायचा नाही, रक्तातनं जंतू धातूवर जाऊन बसले तर परत उघडावं लागतं. साधं गळू आलं तरी डॉक्टरकडं, हळद लावून बघायचं नाही.

वॉरंटी नाही. बुश झिजतात, दांडा सैल होऊ शकतो, माझ्या वयात बसवलेला जॉईंट आयुष्यभर पुरणार नाही हे मला माहीत आहे, कधीतरी परत ऑपरेशन आहेच. लग्नाच्या बाजारातल्या एका मावशींनी मला थेट विचारलं, "मग हे सांगायचं का लपवायचं?" मी म्हटलं चालताना दिसतंय ते लपवणार कुठं, आणि सीटी स्कॅनच्या तारखा कोण लपवणार, पहिली दोन वर्षं तर दर तीन महिन्यांनी छातीची तपासणी होती. आता ती लांबलीय. तपासणीच्या आधीची रात्र अजून वाईट जाते, गाडीत वरच्या बर्थवर चढता येत नाही म्हणून खालचा मागून घेते आणि मिरज येईपर्यंत जागीच असते.

कोणाच्या घरात हे चालू असलं तर संडास, फिजिओ, रेल्वेचा फॉर्म, काहीपण विचारा, रात्रीचं उत्तर देते, दिवसा क्लास असतात. "गाठीवर अमक्या गावचं झाडपाल्याचं औषध चालतं का" हे तेवढं विचारू नका. पुढचं चेकअप दिवाळीनंतर, तेव्हा एक्स-रेत बुश किती झिजलेत ते कळेल, स्टार कमी करायची वेळ आली तर कमी करीन.